एका कान्याचं अंतर

कापूस फुटला की मला दमायला होतं. वयाचं म्हणाल तर ते आहेच. पण हा थकवा वयाच्या आधीपासूनचा आहे. सकाळी ओसरी झाडून घ्यावी, दुपारी पाहावं तर पुन्हा उंबऱ्यावर, माठाच्या झाकणावर, वाळत घातलेल्या लुगड्यांवर बारीक तंतू येऊन बसलेले. कापसाच्या बंड्या, बैलगाड्या, सरकी काढायच्या जिनाकडे चालल्या म्हणजे रस्त्याच्या दोन्ही अंगच्या बाभळी त्यातून आपला वाटा काढून घेतात. काट्याकाट्याला पुंजके लटकतात. येणारे-जाणारे म्हणतात, काय शोभा दिसते! दिसत असेल बाई. मला तर शिंका येतात, नाक गच्च होतं, आणि नाक गच्च झालं की जे आठवू नये तेच आठवत बसतं.

परवा दवाखान्यात एक नवी शिकाऊ बाई आली. नवी आली की मी तिचं नाव विचारायच्या आधी तिच्या नवऱ्याचं नाव विचारते. डॉक्टरसाहेब हसतात. म्हणतात, "तुम्ही नर्स घेताय की सोयरीक जमवताय?" हसोत बापडे. ते शहरातले, त्यांना काय ठाऊक. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. नुसतं नाव नव्हे, नावासारखा ऐकू येणारा शब्दसुद्धा तोंडाबाहेर काढत नाही. ही नवी पोरगीही भिंतीकडे तोंड करून पदरात हसत उभी राहिली. शेवटी सोबत आलेली नणंद म्हणाली, "हरबा नाव हाय बाई माह्या भावाचं. तवापासून आमची वैनी हरभऱ्याले घाटेच म्हनते."

म्हटलं, चला, सुटले. दवाखान्यात हरभऱ्याचं काही काम पडत नाही. गेल्या सालच्या बाईचा नवरा गुलाब होता. तिच्यापायी मी गुलाबपाण्याच्या बाटलीवरची चिठ्ठी खरवडून काढली आणि 'डोळे धुण्याचं पाणी' अशी नवी डकवली. साहेबांना वाटतं म्हातारीचं डोकं फिरलं. फिरलंच आहे, पण ते आताचं नव्हे. तीन तपं होऊन गेली त्याला, आणि ते कसं फिरलं हे मी कुणाजवळ बोलले नाही.

ज्या गावी मी शिकले त्या गावाचं आणि त्या दवाखान्याचं नाव मी घेणार नाही. जगातल्या सगळ्या बायांना एकेक नाव न घ्यायची मुभा आहे, तर मला ही एवढी असू द्या. जनाना दवाखाना होता, कौलारू, आठ खाटांचा. मागं विहीर, विहिरीजवळ कपडे उकळायची मोठी चूल, आणि कुंपणापलीकडं जिन. दसऱ्यापासून जिनाचा भोंगा सुरू व्हायचा तो होळीपर्यंत. आमचं उठणं, जेवणं, खाटांची भांडी उचलणं सगळं त्या भोंग्यावर. दसऱ्याला शिकायला घ्यायचं आणि संक्रांतीला परीक्षा, असा नेम होता. पास झालं की दाखला, आणि दाखला असला की कुठल्यातरी दवाखान्यात मदतनीस नर्सची जागा.

शिकवायला मोठ्या बाई होत्या. डॉक्टरीण. पुण्याकडच्या, अंगानं किरकोळ, बोलणं तोलून-मापून. त्यांना आमचं बोलणं कळायला महिना लागला आणि आम्हाला त्यांचं बोलणं कळलं तरी न कळल्यासारखं दाखवायला आठवडा पुरला. त्या साली शिकाऊ आम्ही दोघीच, मी आणि यमुना.

मी जऊळक्याची. बापानं हौसेनं चौथीपर्यंत शिकवलं आणि तेराव्या वर्षी लग्न लावलं. सतराव्या वर्षी नवरा गाठीच्या तापात गेला. बापही मागोमाग गेला. राहिले भावाच्या दारी. भाऊ वाईट नव्हता हो, पण त्याच्याही घरात चार तोंडं होती. त्यानं माझं दुसरं लग्न, पाट, ठरवलं. पन्नाशी उलटलेला, तोंडाचं बोळकं झालेला माणूस, आधीच्या तीन पोरांचा बाप. मी दोन दिवस जेवले नाही. मग म्हटलं, दवाखान्यात बायांना शिकवून राह्यले, मले जाऊ दे. भाऊ म्हणाला, "जाय. संक्रांतीपावतर जाय. दाखला भेटला तं तुह्यं तू पाह्य. नाई भेटला तं गुमान पाटावर बसजो." एवढ्या एका बोलीवर मी घर सोडलं. तो दाखला म्हणजे काय ते तेव्हा मला पुरतं कळलंही नव्हतं. न मिळण्याचा अर्थ मात्र चांगला कळला होता, त्याला दात नव्हते.

यमुना कामरगावची. माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठी. काळीसावळी, हात लांब, आणि त्या हातांना जन्मजात शहाणपण. लिहिणं-वाचणं शून्य, पण कण्हणाऱ्या बाईच्या पाठीला तिचा हात लागला की कण्हणं निम्म्यावर यायचं. मोठ्या बाईंनी तिला त्या हातांसाठीच घेतलं होतं. तिचा नवरा चार वर्षं छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेला. पाच एकर वावर बटईनं दिलेलं, घरी सासू त्याचं करायची. कुठंतरी जागा मिळाली तर त्याला तिथंच दवाखान्याजवळ नेऊन ठेवीन, औषध जवळ राहील, एवढा तिचा हिशेब. बाजाराच्या दिवशी सासू तिला भेटायला यायची तेव्हा मला त्याचं नाव कळलं. पंढरी.

आता पाहा कशी गंमत. कापसाच्या मुलखात जन्मलेली बाई, आणि तिला पांढरा हा शब्द म्हणता येत नाही. दिवाळीनंतर चहूकडं वावरं पांढरीफट पडलेली, आणि ही म्हणणार, "वावर दुधावानी झालं व." आमच्याकडं शेतजमिनीला काळी म्हणतात आणि वस्तीच्या जागेला पांढरी. यमुनेला काळी चालायची, पांढरी चालायची नाही. ती म्हणे गावठान. पांढरे केस म्हणजे तिचे पिकले केस. पांढरा बैल म्हणजे तिचा धवळ्या. सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. मोठ्या बाईंनी पहिल्यांदा विचारलं, "पेशंटची जीभ कशी दिसते?" तर ही म्हणाली, "दुधावानी, बाई. कडेले लाल." बाई खूश. मला म्हणाल्या, "बघ, वाचता येत नाही तरी निरीक्षण किती बारीक आहे!" मी खाली मान घालून हसले. तेव्हा सांगायला हवं होतं. पण दुसऱ्याच्या नवऱ्याचं नाव, म्हटलं आपण कशाला मध्ये पडा.

त्या दिवसांचं मला दुसरं सगळं पायांतून आठवतं. फरशी थंड आणि पाय सुजलेले. विहिरीचं पाणी ओढा, उकळा, फडकी उकळा, पट्ट्या उकळा, वाळवा, गुंडाळा. कोपरापर्यंत हात घासा. नखं इतकी बारीक कापलेली की मिरची चुरता यायची नाही. बांगड्या काढा म्हणून मोठ्या बाईंनी फर्मान काढलं तेव्हा यमुनेनं हातातल्या सगळ्या काचा वर कोपरापल्याड सरकवल्या आणि चिंधीनं घट्ट बांधून टाकल्या. दंडावर वळ उठायचे. काढल्या मात्र नाहीत. मला तो प्रश्न नव्हता, माझे हात मोकळेच होते. थर्मामीटर झटकताना पहिल्याच आठवड्यात मी एक फोडलं आणि पारा फरशीभर पळाला. आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून त्याच्या मागं. यमुना म्हणे, "अवं हे तं सापडत बी नाई अन् हरवत बी नाई." हसून हसून पोट दुखलं. तेवढंच हसणं आठवतं त्या सालातलं.

आणि तो निळ्या कागदातला कापूस. कुंपणापलीकडं कापसाचे डोंगर लागलेले, आणि दवाखान्यात कापूस यायचा परगावाहून, निळ्या कागदात गुंडाळलेला, चवलीच्या जाडीचे पदर. यमुनेला ते पटेना. तिनं एक दिवस कुंपणावर अडकलेला पुंजका आणून पाण्याच्या भांड्यात टाकला. तो वर तरंगत राहिला. दवाखान्याचा टाकला, तो पाणी पिऊन तळाशी बसला. ती कितीतरी वेळ भांड्यात पाहत होती. "आपला कापूस पानीच नाई पीत व," ती म्हणाली. मोठ्या बाई मागून म्हणाल्या, "त्यातलं तेल काढावं लागतं, तेव्हा तो कामाचा होतो." मला ते तेव्हाच आपल्याविषयी बोलल्यासारखं वाटलं होतं, पण कामं पडली होती.

औषधाच्या फळीवर माझी नेमणूक होती, कारण वाचता मला येत होतं. बाटल्यांवर कंपाउंडरनं मराठीत चिठ्ठ्या डकवलेल्या. मोठ्या बाईंचा नियम एकच, आणि तो त्यांनी आमच्याकडून पाढ्यासारखा घोकून घेतलेला: चिठ्ठी तीनदा वाचायची. बाटली उचलताना, औषध ओतताना, बाटली परत ठेवताना. यमुनेला वाचता येत नाही म्हणून ती फळीला हात लावणार नाही. ती सांगेल, मी देईन. फळीवर पोट साफ करायचं औषध होतं, त्याला दवाखाना पांढरं मिक्श्चर म्हणायचा. शेजारी टर्पेंटाईनचं चोळायचं औषध. तेही हलवलं की पांढरंच दिसे. त्याच्या चिठ्ठीवर लाल शाईनं लिहिलेलं, 'चोळण्याचे. पोटात देऊ नये.' अक्षरं अशी मोठी की आंधळ्यानंही वाचावीत.

मार्गशीर्ष लागला होता. जिनात भर होती, हवेत सगळी तूस, आणि मी आठ दिवस सर्दीनं गुदमरलेली. नाकाला वास म्हणून नाही. आदल्या दिवशी दोन बाळंतिणी आलेल्या, त्यातली एक मंगरुळाकडची, कापूस वेचतानाच कळा सुरू झालेली. दुपारची वेळ. यमुना पलीकडं दुसरीच्या बाळाला न्हाऊ घालत होती, दोन्ही हात साबणाचे. तिथूनच ओरडली, "सरू, त्या मंगरुळवालीचं पोट साफ नाई झालं. ते दुधावानी हाय ना, ते दे तिले दोन चमचे." मी फळीकडं गेले. हात नेला, दुधासारखी दिसली ती बाटली उचलली, ओतलं, तिच्या तोंडाला लावलं. उचलताना वाचलं नाही. ओतताना वाचलं नाही. ती बाई किंचाळली तेव्हा ठेवताना वाचलं.

ती मेली नाही. हे आधी सांगून टाकते. एक घोट पोटात गेला, दुसरा तिनं बाहेर टाकला. मोठ्या बाई धावत आल्या, नळी घालून पोट धुतलं, संध्याकाळपर्यंत तिच्या उशाशी बसल्या. तोंड पोळलं, घसा पंधरा दिवस बसला, दूध तुटलं. तिच्या लेकराला दुसरीनं पाजलं. महिन्यानं ती आपल्या पायानं बंडीत चढून गेली, जाताना मला म्हणाली, "बाई, लय केलं तुमी माह्यं." मी तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी आम्हा दोघींना खोलीत बोलावलं. काय झालं ते विचारलं. मी म्हटलं, "यमुनेनं सांगितलं दुधावानी हाय ते दे. म्या दिलं." "चिठ्ठी?" बाईंनी विचारलं. मी म्हटलं, "दोन्ही सारख्याच दिसतात, बाई. दुधावानीच." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. यात खोटं काही नव्हतं आणि खरंही काही नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढं तो बोळका म्हातारा उभा होता, मांडवात, माझी वाट पाहत.

बाई यमुनेकडं वळल्या. "दुधावानी का म्हणालीस? औषधाला नाव आहे ना?" दोनदा, तीनदा विचारलं. शेवटी मीच सांगितलं, नवऱ्याचं नाव असं असं आहे म्हणून. मोठ्या बाईंनी टेबलावरची दौत बाजूला सारली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "यमुना, तुझ्यासारखे हात मी पाहिले नाहीत. पण जिला औषधाचं नाव घेता येत नाही, तिला मी दाखला कसा देऊ? एक कर. आत्ता माझ्यासमोर एकदा म्हण, पांढरं मिक्श्चर. एकदाच. मग मी हे इथंच मिटवते."

यमुनेचे ओठ हलले. मला वाटलं, म्हणते आता. ती म्हणाली, "बाई, दुसरं काईबी सांगा. इहिरीत उडी घे म्हना."

"तीन दिवस देते," बाई म्हणाल्या.

ते तीन दिवस मी तिच्या मागं लागले. आज वाटतं, तिच्यासाठी लागले की माझं मला हलकं करायला? खाई त्याला खवखवे. विहिरीजवळ पट्ट्या वाळत घालताना मी म्हटलं, "अवं वेडे, नाव नको ना घेऊ. पांढरं म्हन. नावात काना नाई, ह्यात काना हाय. लिहून दाखवतो तुले." आणि काडीनं मातीत दोन्ही शब्द लिहून दाखवले. तिनं वाकून पाहिलं, अगदी नीट, जशी ती बाळाची नाळ पाहायची तसं.

"एवढुसा दांडा?" ती म्हणाली.

"हो. एका कान्याचं अंतर हाय."

"काना तुले दिसते, सरू. देवाले दिसन का?"

मी चिडले. म्हटलं, "देवाले एवढं समजत नाई का? अन् तुह्यं औषधपानी कोन करन, देव?" ती रागावली नाही. पट्टी पिळत म्हणाली, "त्याचा जीव असा सुताले बांधेल हाय व. रोज सकाळी मी मनात म्हनतो, आजचा दिस गेला पाह्यजे. चार वर्सं झाले. आता म्याच तोंडानं सूत तोडू? अन् मंग तो दाखला कोनाले दाखवू?" तिचे डोळे भरले होते. माझ्याजवळ एक वाक्य होतं. 'बाई, चिठ्ठी मी वाचली नाही,' एवढं मोठ्या बाईंना जाऊन सांगितलं असतं तर झालं असतं. खोली वीस पावलांवर होती. मी तीन दिवसांत त्या खोलीवरून किती वेळा गेले असेन, भांडी घेऊन, पाणी घेऊन.

चौथ्या दिवशी कामरगावकडं जाणारी बंडी तिच्यासाठी थांबवली. यमुनेनं दंडावरची चिंधी सोडली, बांगड्या मनगटावर उतरल्या, वाजल्या. मला म्हणाली, "पाय गरम पान्यात ठेवत जाजो, लय सुजतात तुहे." बस्स. मला असा संताप आला तिचा! भांडली असती तर मीही भांडले असते.

संक्रांतीला परीक्षा झाली. बाहेरून एक मोठे डॉक्टर आले होते. हात कसे धुवायचे, ताप कसा लिहायचा, सगळं विचारलं. मग बाटली वर धरून म्हणाले, "हे काय?" मी म्हटलं, "पांढरं मिक्श्चर." ते म्हणाले, "शाबास, पुढं." शब्द इतका सोपा असतो. पाठीमागं मोठ्या बाई उभ्या होत्या, त्यांनी मान खाली घातलेली मी पाहिली. का, ते मी कधी विचारलं नाही.

दाखला मिळाला. भावानं पेढे वाटले, म्हाताऱ्यानं दुसरीकडं पाट लावला. मी गावोगावच्या दवाखान्यांतून फिरले. किती बाळं हातांवर आली, किती बायांचे डोळे मिटवले, आता मोजदाद नाही. लोक म्हणतात सरूबाईचा हात हलका. मला ठाऊक आहे, हलका हात कुणाचा होता. मी चिठ्ठी तीनदा वाचते. आता डोळे अधू झाले तर चौथ्यांदा वाचते, मोठ्यानं. नव्या पोरी कंटाळतात. कंटाळू द्या.

नऊ वर्षं मी कामरगावच्या वाटेनं गेले नाही. तिकडचं बोलावणं आलं की काहीतरी कारण काढायची. मग एकदा इलाज नव्हता, अडलेली बाई होती, बैलांची दमणी दारात आणून उभी केलेली. बाळंतपण नीट पार पडलं, दुपार झाली, आणि परत निघाले तर गावाबाहेर वेचणी चाललेली. दहा-बारा बाया रांगेनं, वेचलेला कापूस टाकायला कमरेला ओटे बांधलेले. त्यातून एक आवाज आला, "अवं पोरी, ते पांढरं फडकं दे इकडं, ओटा फाटला माहा."

मी दमणी थांबवायला सांगितली. आवाज ओळखला होता, पण आवाजाआधी शब्द कानाला लागला. तिच्या कपाळाकडं पाहायची गरज नव्हती, तरी पाहिलं. कुंकू नव्हतं. मनगटंही मोकळी.

ती बांधावर आली. म्हातारी झाली नव्हती, पण वाळली होती. "सा वर्सं राह्यला," तिनं आपणहून सांगितलं. "तुमच्या तिथून मी आली ना, त्याच्यानंतर सा वर्सं. शेवटी शेवटी म्याच भरवो त्याले." ती हे असं सांगत होती जसं कुणी पीक चांगलं झाल्याचं सांगतं. वैद्यकी मला थोडीफार कळते. तो माणूस सहा महिने काढेल असंही कुणी म्हटलं नसतं. ती सहा वर्षं त्या हातांची, की त्या न उच्चारलेल्या शब्दाची, मी ठरवायला बसत नाही. मी दमलेली बाई आहे.

पण माझं होतं ते मला बाहेर काढायचं होतं. म्हटलं, "यमुने, चिठ्ठी म्या वाचाची होती व. वाचली नाई. अन् बाईसमोर गुमान राह्यली."

"मले ठाऊक हाय," ती म्हणाली.

"कवापासून?"

"तवापासून. बाटली तुह्या हातात होती, अन् वाचता तुलेच येत होतं. त्यात समजाचं काय हाय?"

"मंग बोलली काहून नाई?"

तिनं ओट्यातल्या कापसातली वाळकी पत्ती वेचून टाकली. "बोलून काय केलं असतं? मले तो शब्द म्हनाच नव्हता, तं माह्यं जानारच होतं. तुह्यं बी गेलं असतं. मले जायाले घर होतं, घरात माह्यावाला होता. तुले कोन होतं व? तो बोळका?" आणि ती हसली. खरंच हसली. मी मात्र तिथंच बांधावर बसले आणि लहान पोरीसारखी रडले. माझी नेहमीची समजूत होती की मी तिचं काहीतरी हिसकावून घेतलं. ते तिनं दिलं होतं, आणि देताना मला कळूही दिलं नव्हतं.

ती जवळ बसली. बाकीच्या बाया पुढं सरकल्या होत्या. मग तिनं विचारलं, "सरू, तो दाखला कसा असते व? म्या पाह्यलाच नाई कधी."

मी डोळे पुसले. सांगितलं, जाड कागद असतो. वर सरकारी शिक्का. खाली मोठ्या बाईंची सही, तिच्या बाजूला त्या परीक्षेच्या डॉक्टरांची.

"अन् मधात?"

"मधात नाव."

"छापेल?"

"नाई. हातानं लिहेल. काळ्या शाईनं."

ती ओट्यातल्या कापसात दोन्ही हात घालून ऐकत होती.

"अजून सांग," ती म्हणाली.

सांगण्यासारखं त्यात आणखी काहीच नव्हतं.